दोष न लावता जबाबदारी : लहान मुलांचे वर्तन आणि पालकांचे प्रशिक्षण

मारणे, चावणे, हाताला येईल ते फेकणे, भर रस्त्यात लोळण घेऊन आकांत करणे, सांगितलेले मुळीच न ऐकणे या तक्रारी दोन ते सहा वर्षांच्या मुलांबाबत नेहमीच्या आहेत. त्या फार तीव्र असल्या किंवा महिनोन्महिने टिकल्या, तर बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातच पालकांना आधार आणि प्रशिक्षण देण्याची पद्धत गेल्या काही दशकांत अनेक देशांत रुजली आहे. या कार्यक्रमांत तक्रार मुलाची असते, पण शिकायला बसतात आईवडील. मुलाला औषध दिले जात नाही. पालकांचे बोलणे, लक्ष देणे आणि नियम लावणे यांत बदल घडवला जातो. त्यातून एक जुना नैतिक प्रश्न नव्याने उभा राहतो. मूल नीट वागत नसेल तर दोष कोणाचा : मुलाच्या स्वभावाचा, आईवडिलांच्या संगोपनाचा की घरच्या परिस्थितीचा? आणि बदल ज्यांनी करायचा, त्यांनाच दोषी मानायचे का? या कार्यक्रमांमागचा विचार तपासला तर उत्तर असे मिळते की दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकांना दोष न लावता जबाबदारी देता येते, आणि तशी दिली तरच ती त्यांना पेलते.

कार्यक्रमांचे स्वरूप

या कार्यक्रमांची वैचारिक पायाभरणी अमेरिकेतील ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी केली. घराघरांत जाऊन, आईवडील आणि मुले एकमेकांशी क्षणोक्षणी कशी वागतात याची त्यांनी बारकाईने नोंद घेतली. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी त्यातून आढळलेले चक्र मांडले. आई खेळणी आवरायला सांगते. मूल किंचाळते. आई थकलेली असते, ती विषय सोडून देते. किंचाळणे थांबते. किंचाळल्याने काम टळते हे मूल शिकते, आणि माघार घेतल्याने घरात शांतता होते हे आई शिकते. पुढच्या वेळी मूल अधिक मोठ्याने ओरडते. कधी आईच जास्त जोरात ओरडते, मूल घाबरून गप्प होते, आणि ओरडल्याशिवाय भागत नाही असा धडा तिला मिळतो. अशा रीतीने दोघेही एकमेकांना नकळत घडवत जातात. कोणाचाही हेतू वाईट नसतो, तरीही घरातले वातावरण दिवसेंदिवस कडवट होते.

हे चक्र तोडण्यासाठी नंतरच्या संशोधकांनी सुसूत्र कार्यक्रम तयार केले. सिॲटल येथे कॅरोलिन वेब्स्टर-स्ट्रॅटन यांचा ‘इन्क्रेडिबल इयर्स’, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे मॅथ्यू सँडर्स यांचा ‘ट्रिपल पी’ आणि शीला आयबर्ग यांची ‘पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी’ हे त्यांतले सर्वांत परिचित. शेवटच्या पद्धतीत पालक मुलाशी खेळत असतात, तज्ज्ञ एकतर्फी काचेमागून पाहतात आणि पालकांच्या कानातल्या छोट्या यंत्रातून त्याच क्षणी सूचना देतात. तपशील वेगळे असले तरी गाभा समान आहे. रोज थोडा वेळ मूल म्हणेल तसे त्याच्याशी खेळावे. चांगले वागणे दिसताच ते नेमक्या शब्दांत बोलून दाखवावे. किरकोळ कुरबुरींकडे लक्ष देऊ नये. सूचना एका वेळी एक, स्पष्ट आणि शांतपणे द्यावी. मारामारीसारख्या गोष्टींसाठी ठरलेला, सौम्य पण न टळणारा परिणाम असावा. त्यात मुलाला काही मिनिटे खेळापासून बाजूला बसवणेही येते. खेळ आणि जवळीक आधी, शिस्त नंतर, हा क्रम बहुतेक कार्यक्रम आवर्जून पाळतात.

हे सारे बालरोगतज्ज्ञांकडेच का, याचे कारण साधे आहे. शाळेत जाण्याआधीच्या वयात जवळपास प्रत्येक मूल लसीकरणासाठी, वजन-उंचीसाठी, तापखोकल्यासाठी दवाखान्यात येते. मानसोपचाराच्या दारात पाऊल टाकताना लोकांना जो संकोच वाटतो तो येथे नसतो. बॉस्टन आणि परिसरातील ११ बालरोग दवाखान्यांत एलेन पेरिन आणि सहकाऱ्यांनी दोन ते चार वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी १० आठवड्यांचे गटवर्ग घेतले. २०१४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतीक्षेत ठेवलेल्या पालकांच्या तुलनेत वर्गाला आलेल्या पालकांचे कठोर वागणे आणि मुलांचे त्रासदायक वर्तन या दोन्हींत सुधारणा दिसली. अतिचंचलतेचे निदान झालेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षण आणि ते पुरेसे न ठरल्यास औषध, असा क्रम अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सने २०११ च्या मार्गदर्शनात घालून दिला.

लहान मूल दोषी असते का?

मुलाच्या वागण्याचा अर्थ लावताना परंपरांनी दोन टोके गाठली आहेत. संत ऑगस्टीन यांनी ‘कन्फेशन्स’च्या पहिल्या भागात दुसऱ्या बाळाला दूध पिताना पाहून मत्सराने पांढऱ्या पडलेल्या बाळाचे वर्णन केले. अर्भक निष्पाप दिसते ते त्याचे हातपाय दुबळे असल्यामुळे, मन शुद्ध असल्यामुळे नव्हे, असे त्यांचे मत होते. उलट रूसो यांनी १७६२ च्या ‘एमिल’मध्ये मूल जन्मतः चांगले असते आणि माणसांच्या हाती पडून बिघडते, अशी भूमिका घेतली. मुलाने खोलीची काच फोडली तर रागावू नये, फुटलेल्या खिडकीतून येणारी थंडीच त्याला शिकवील, असा त्यांचा सल्ला होता.

विकासशास्त्राने या वादात महत्त्वाची भर घातली. माँट्रियल येथे रिचर्ड ट्रेम्बले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा लहानपणापासून दीर्घकाळ अभ्यास केला. मारणे, ढकलणे, ओरबाडणे ही कृत्ये दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान सर्वाधिक असतात आणि पुढे बहुतेक मुलांत कमी होत जातात, असे त्यांना आढळले. म्हणजे आक्रमकता मूल बाहेरून शिकते हा समज अपुरा आहे. मूल शिकते ते आक्रमकता आवरणे, शब्द वापरणे, वाट पाहणे, आणि त्यासाठी मोठ्यांच्या मदतीची गरज असते. दोन वर्षांचे मूल चावते म्हणून ते पापी ठरत नाही, आणि ते आपोआप सुधारेल असे म्हणून त्याला एकटे सोडणेही योग्य ठरत नाही.

या मधल्या अवस्थेचे सर्वांत नेमके तात्त्विक वर्णन पी. एफ. स्ट्रॉसन यांच्या १९६२ च्या ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’ या निबंधात सापडते. दुसऱ्या माणसाकडे दोन दृष्टींनी पाहता येते, असे ते म्हणतात. एका दृष्टीत तो राग, कृतज्ञता, क्षमा यांना पात्र असलेला आपल्यासारखाच माणूस असतो. दुसऱ्या दृष्टीत त्याचे वागणे ही समजून घेण्याची आणि हाताळण्याची बाब असते. लहान मुलांचे संगोपन करणाऱ्यांना यांपैकी कोणतीही एक दृष्टी पूर्णपणे घेता येत नाही, हे स्ट्रॉसन यांनी ओळखले. मूल अजून पुरते उत्तरदायी नसते, पण त्या दिशेने ते वाढत असते. म्हणून पालकांनी मुलाशी वागताना त्याच्या आजच्या मर्यादाही ओळखायच्या असतात आणि ते उद्या जो माणूस होणार आहे त्याचाही मान राखायचा असतो. स्पष्ट सूचना देणे, ती पाळायला वेळ देणे आणि पाळल्यावर दखल घेणे या साध्या रीतीत ही दुहेरी दृष्टी उतरलेली दिसते.

छडी टाकणारी यशोदा

भारतीय परंपरेत शिक्षेविषयीचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र चाणक्याच्या नावावर सांगितले जाते : पाच वर्षे लाड करावेत, पुढची दहा वर्षे धाकात ठेवावे, सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावे. मुलांना मारण्याच्या समर्थनार्थ हे सूत्र अनेकदा पुढे केले जाते. पण ज्या वयातील मुलांसाठी हे कार्यक्रम मुख्यत्वे आखलेले आहेत, ते वय या सूत्रानुसारही लाडाचेच आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलावर हात उगारणाऱ्याला त्यातून आधार मिळत नाही.

त्याहून खोल विचार भागवताच्या दशम स्कंधातील नवव्या अध्यायात आहे. यशोदा दही घुसळत असते. बाळकृष्ण दूध प्यायला येतो, ती त्याला मांडीवर घेते. एवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते आणि ती त्याला अतृप्त ठेवूनच खाली उतरवून धावते. तो चिडतो, दगडाने दह्याचे भांडे फोडतो, खोटे अश्रू ढाळत आत जाऊन लोणी खातो आणि माकडांनाही वाटतो. यशोदा छडी घेऊन त्याच्यामागे लागते. पकडल्यावर मात्र मूल भ्यालेले आहे हे पाहून ती छडी टाकून देते. पण ती त्याला मोकळेही सोडत नाही, उखळाला बांधायला घेते. दोरी पुन्हापुन्हा दोन बोटे कमी पडते, आणि शेवटी आईचे श्रम पाहून तो स्वतःच बांधला जातो.

भक्तांच्या दृष्टीने या कथेचा अर्थ असा की, जो कशानेच बांधला जात नाही तो प्रेमाने बांधला जातो. तो अर्थ अबाधित ठेवूनही तिच्यातले पालकत्वाचे निरीक्षण थक्क करणारे आहे. खोडीचे कारण कथेत आधीच दिले आहे : अर्धवट राहिलेले दूध आणि अचानक तुटलेली जवळीक. तरीही यशोदेला कोणी निष्काळजी म्हणत नाही, कारण उतू जाणाऱ्या दुधाकडे धावणे हेही घर चालवणाऱ्या बाईचे कामच होते. कृष्णालाही कोणी दुष्ट म्हणत नाही. कारण आहे, पण अपराधी नाही. आणि अपराधी नसतानाही मर्यादा घातली जाते, ती भीतीचे साधन बाजूला ठेवून. १९७९ साली स्वीडनने घरातही मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घातली, असे करणारा तो पहिला देश होता. अमेरिकेच्या बालरोग ॲकॅडमीने २०१८ मध्ये मारणे, ओरडणे आणि लाज वाटेल असे बोलणे या तिन्हींविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. माराने मूल त्या क्षणी थांबते, पण कालांतराने आक्रमकता वाढण्याची शक्यता असते, असा त्यामागचा अनुभवसिद्ध आधार आहे.

पालक दोषी असतात का?

विसाव्या शतकाच्या मध्यात मानसशास्त्राने मातांना फार निर्दयपणे दोषी ठरवले. मुलांतील स्वमग्नता आईच्या थंडपणामुळे येते, ही कल्पना ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकाने लोकप्रिय केली. ती चुकीची होती, आणि असंख्य आयांनी तिच्यापायी वर्षानुवर्षे अपराधीपणा सोसला. याच काळात न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर टॉमस आणि स्टेला चेस हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य वेगळा मार्ग शोधत होते. १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या दीर्घ अभ्यासात दिसले की काही बाळे सुरुवातीपासूनच झोपेला अनियमित, बदलाला बिथरणारी आणि तीव्र प्रतिक्रिया देणारी असतात. अशा बाळांचे प्रमाण त्यांना सुमारे १० टक्के आढळले. अडचण मुलाच्या स्वभावात किंवा पालकांच्या रीतीत एकेकटी नसते, ती दोहोंच्या न जुळण्यात असते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मराठी घरांत या बाबतीत दोन वाक्ये ऐकू येतात. एकीकडे ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून सारे मुलाच्या माथी मारले जाते. दुसरीकडे ‘आईनेच लाडावून ठेवलंय’ म्हणून सारे आईच्या माथी. पहिल्या वाक्याने प्रयत्नच थांबतो, दुसऱ्याने प्रयत्न करणारीचे बळ खचते. पॅटरसन यांच्या चक्राने आणि टॉमस-चेस यांच्या अभ्यासाने दोन्ही वाक्ये अपुरी ठरवली आहेत.

येथे तत्त्वज्ञ हॅना पिकार्ड यांचा विचार उपयोगी पडतो. व्यक्तिमत्त्व-विकारांवरील उपचारगटात काम करताना त्यांनी दोषारोपाशिवाय जबाबदारी ही कल्पना मांडली. माणसाकडे बदलण्याची क्षमता आहे असे मानणे म्हणजे त्याला जबाबदार मानणे. त्याच्याबद्दल राग, तिरस्कार, तुच्छता बाळगणे म्हणजे दोष देणे. पहिल्याशिवाय उपचार शक्य नाही, दुसऱ्याने उपचार मोडतो. पिकार्ड यांचा विचार प्रौढ रुग्णांविषयी होता, पण पालक-प्रशिक्षणाला तो तंतोतंत लागू पडतो. दोषाचा विचार भूतकाळात डोकावून कोणी केले असे विचारतो. जबाबदारीचा विचार पुढे पाहून आता काय करता येईल, आणि ते कोणाच्या हाती आहे, असे विचारतो. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती फार थोडे असते, पालकांच्या हाती त्याहून अधिक. म्हणून शिकण्याचे काम पालकांकडे येते. हा त्यांच्या सामर्थ्यावर टाकलेला विश्वास असतो, त्यात निवाडा नसतो. डॉक्टरांनी हा फरक बोलण्यात सांभाळला नाही, तर ऐकणारी आई पुढच्या वर्गाला येत नाही.

कौतुक म्हणजे आमिष का?

या कार्यक्रमांवरचा गंभीर तात्त्विक आक्षेप असा की कौतुक, चांदण्यांचे तक्ते आणि छोटी बक्षिसे यांनी मूल सद्गुणी होत नाही, फक्त हिशेबी होते. कांट यांच्या १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक व्याख्यानांत हा इशारा आहे : चांगल्यासाठी बक्षीस आणि वाइटासाठी शिक्षा असाच शिरस्ता ठेवला, तर मूल फक्त स्वतःच्या फायद्यासाठी चांगले वागेल. या इशाऱ्याला प्रयोगाचाही आधार आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतील काही मुलांना आधीच बक्षीस कबूल केले गेले. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांची चित्रांची ओढ कमी झालेली दिसली.

उत्तर ॲरिस्टॉटल यांच्याकडे मिळते. ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या दुसऱ्या भागात ते सांगतात की चारित्र्याचे गुण सवयीने येतात. न्याय्य कृत्ये करत करतच माणूस न्यायी होतो. कृती आधी येते, तिच्यामागचे कारण समजणे आणि ती मनापासून आवडणे हे पुढचे टप्पे असतात. वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या जॉन लॉक यांनी १६९३ च्या शिक्षणविषयक पुस्तकात छडी आणि खाऊ या दोहोंनाही विरोध केला होता. आपल्या माणसांच्या मनात आपल्याविषयी आदर आहे, ही जाणीव मुलाला सर्वांत जास्त घडवते, असे त्यांचे म्हणणे होते. चांगल्या कार्यक्रमांचा कल याच दिशेने आहे. वस्तुरूप बक्षीस मोजके आणि तात्पुरते असते, मुख्य साधन असते ते लक्ष. ‘शहाणा आहेस’ या मोघम शाबासकीऐवजी ‘ताईला गाडी दिलीस, तिला आनंद झाला’ असे म्हटले की मुलाची नजर बक्षिसाकडून ताईकडे वळते. कांट यांना हवी असलेली नैतिक दृष्टी तेथून सुरू होते. म्हणून तंत्रापेक्षा त्यामागची वृत्ती निर्णायक ठरते. मुलाला फक्त गप्प बसवण्यासाठी वापरलेले कौतुक खरोखरच आमिष ठरते.

तज्ज्ञाचा अधिकार आणि समाजाचा वाटा

दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या अधिकाराविषयी आहे. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन रुग्णालयात चाळीस वर्षे काम केलेले बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी मातांना परिपूर्णतेच्या ओझ्यातून सोडवले. पुरेशी चांगली आई मुलाला पुरते, असे ते सांगत. तज्ज्ञांच्या सल्ल्याने आईचा स्वतःवरचा विश्वास डळमळू नये, याची त्यांना काळजी होती. ती आजही रास्त आहे. प्रत्येक हट्टाला विकाराचे नाव देणे हा वैद्यकाचा अतिरेक होईल. तसेच ऐकू कमी येणे, बोलणे उशिरा येणे, अपुरी झोप, स्वमग्नता किंवा घरातील हिंसा ही कारणे न तपासता पालकांना वर्गात बसवणे ही वैद्यकाची चूक होईल. तपासणी आधी आणि प्रशिक्षण नंतर, हा क्रम नैतिकदृष्ट्याही आवश्यक आहे.

तिसरा प्रश्न न्यायाचा आहे. दोन पाळ्यांत काम करणारी, एका खोलीत राहणारी, स्वतः नैराश्याने ग्रासलेली आई रोज शांतपणे मुलाशी खेळू शकत नसेल, तर ती केवळ कौशल्याची उणीव नसते. समाजाने द्यायचा आधार न देता तिलाच वर्गात बोलावले, तर दोष मागच्या दाराने परत येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि काही विद्यापीठांनी मिळून कमी उत्पन्नाच्या देशांसाठी ‘पेरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ’ हे विनाशुल्क कार्यक्रम तयार केले आणि दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या चाचण्या घेतल्या. महाराष्ट्राला या विचाराचा स्वतःचा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे काम उभे केले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून पालकांना बोल लावत न बसता त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आज अंगणवाडी, आशा कार्यकर्त्या आणि २०१३ पासूनची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी यांचे जाळे आहे. वर्तनाविषयीचा आधार त्याच वाटेने घरी पोहोचू शकतो. मात्र तो एकट्या आईसाठी असून चालणार नाही. वडील, आजी आणि आजोबा तिघांचे नियम तीन असतील, तर मुलासमोर कोणताच नियम उरत नाही.

या कार्यक्रमांच्या परिणामांनाही मर्यादा आहेत. सरासरीने सुधारणा होते याचा अर्थ प्रत्येक मूल बदलेल असा नाही. मनापासून प्रयत्न करणाऱ्या काही पालकांच्या वाट्याला थोडेच यश येते. जबाबदारी फळावरून मोजली, तर अशा पालकांवर पुन्हा अपराधीपणा लादला जाईल. ती मोजायची ती प्रयत्नावरून, आणि प्रयत्न शक्य व्हावा यासाठी डॉक्टर, कुटुंब व शासन यांनी दिलेल्या साथीवरून. लहान मुलाला दोषी न मानता मर्यादा घालणे आणि आईवडिलांना दोषी न मानता बदल सुचवणे, या दोन्ही कृतींत एकच नैतिक तत्त्व आहे. जे मूल दोष न लावता घातलेल्या मर्यादेत वाढते, त्याला आपल्या चुका कबूल करण्याची भीती कमी वाटते. जे पालक दोष न लावता दिलेला सल्ला अनुभवतात, त्यांना तीच रीत मुलाशी वागताना वापरता येते.